छातीवर बैलाचा टॅटू काढायचाय, कुठं किती दुखतं?

हरण्याचा_मालक

नमस्कार मंडळी. मी चाकणला सीएनसी लेथवर (संगणकावर चालणारं, धातू कापायचं यंत्र) आहे, गाव खेड तालुक्यात. आमच्या घरी हरण्या नावाचा खोंड होता. २०१८ ला वासरू म्हणून आणला. तेव्हा बैलगाडा शर्यतीवर बंदी होती, तरी वडील म्हणाले, बंदी आज ना उद्या उठेल. उठली. २०२२ ला तो घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळाला, दोन ठिकाणी आमची बारी (शर्यतीतली धाव) चांगली बसली. पुढच्या वर्षी लम्पीत, जनावरांच्या कातडीच्या साथीत, गेला. सतरा दिवस आम्ही आळीपाळीनं त्याच्याजवळ बसलो होतो.

मला त्याचं तोंड अंगावर काढून घ्यायचंय. फोटो आहे, समोरून काढलेला, उजवं शिंग जरा आत वळलेलं. पंजाएवढं चित्र होईल, काळ्या शाईत, सावलीसकट. काढणारा म्हणाला साडेतीन-चार तास लागतील.

हातावर काढता येत नाही. दिवसभर कोपरापर्यंत कूलंट (यंत्र थंड ठेवायचं पाणी) उडतं, बारीक बुरादा चिकटतो, ताज्या जखमेला ते चालणार नाही. मग उरली डावी छाती, दंडाची वरची बाजू नाहीतर पोटरी. मनातून छातीवरच पाहिजे. पण जो भेटतो तो छातीचं नाव काढलं की तोंड वाकडं करतो. त्यातल्या कुणाच्याही छातीवर टॅटू नाही, हेही खरं.

मला दुखण्याची भीती नाही असं म्हणणार नाही. दाढ काढताना मी घामानं भिजलो होतो. ज्यांनी प्रत्यक्ष काढलाय त्यांनी सांगा, कुठल्या जागेला कसं दुखतं? बधिर करायचं मलम लावावं का? मध्येच उठून येण्याची वेळ आली तर अर्धवट हरण्या अंगावर राहील, ते मला नकोय.

सुईवाली_ताई

दादा, तुमचा हरण्या वाचून थांबले थोडा वेळ. माझ्या माहेरी लम्पीत दोन गाई गेल्या.

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. सोळा वर्षं लोकांच्या शिरेत सुई घालतेय, आणि स्वतःच्या अंगावर चार टॅटू आहेत. त्यामुळे सुईच्या दोन्ही बाजूंचं सांगू शकते.

पहिलं म्हणजे, दहापैकी किती दुखतं असं कुणाला विचारू नका. माझे सात आणि तुमचे सात एक नसतात. त्यापेक्षा आपल्याकडं दुखण्याला जे शब्द आहेत ते विचारा. चरचरतं, ठणकतं, कळ येते, झिणझिण्या येतात, हुळहुळतं. तिथं चार तास बसवेल की नाही, ते या शब्दांवरून कळतं. चरचरणारी जागा माणूस दिवसभर सोसतो. कळ येणाऱ्या जागेवर अर्धा तास डोंगराएवढा वाटतो.

माझा पहिला टॅटू हाताच्या बाहेरच्या बाजूला, मनगटापासून चार बोटं वर. तिथं नुसतं चरचरलं. पोळ्या करताना तव्याची कड लागते आणि संध्याकाळी भांडी घासताना त्यावर पाणी पडतं, अगदी तसं. मी मध्ये फोनवर मुलाचा गृहपाठ सांगत होते.

दुसरा दंडाच्या आतल्या बाजूला. एकाच दंडाच्या दोन बाजू, पण फरक फार. बाहेरची कातडी जाड, ऊन खाल्लेली. आतली मऊ, काखेकडं जावं तशी आणखी मऊ. तिथं चिमटा बसतो, आणि तो नखानं धरलेला चिमटा कुणी सोडतच नाही. काखेच्या जवळ गेल्यावर माझा हात आपोआप मिटायला लागला, दोनदा थांबावं लागलं.

घोट्यावर झिणझिण्या. कातडीखाली लगेच हाड, मधे मांस नाही. सुई टेकली घोट्यावर आणि झिणझिण्या करंगळीपर्यंत. छोटंच पान होतं म्हणून निभावलं. त्या पावलावर मोठं चित्र मी तरी काढणार नाही, शिवाय आठवडाभर चप्पल घालताना त्रास तो वेगळाच.

आता बरगड्या. बकुळीची डहाळी आहे, पन्नास मिनिटांचं काम, आणि चारपैकी खरी कळ फक्त तिथं आली. श्वास घेतला की बरगडी वर येते, सुईला सामोरी जाते. श्वास धरला की अंग ताठ होतं, मग आणखी दुखतं. काढणारी मुलगी चांगली होती. ती म्हणाली, ताई, श्वास सोडताना मी रेघ ओढते, घेताना थांबते. तिच्या त्या लयीवर मी ते पार पाडलं. पलंगाच्या रेक्झिनची शिवण मी इतकी दाबून धरली होती की बोटावर तिचा व्रण उमटला.

शेवटी शेवटी सुईपेक्षा पुसणं लागतं, हे कुणी आधी सांगत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी टिश्यूनं जादा शाई पुसतात. दोन तास टोचलेल्या कातडीवर तो मऊ कागद सँडपेपरसारखा वाटतो.

आता चक्कर. रक्तदान करताना लोक घेरी येऊन पडतात ते बहुतेक वेळा दुखल्यामुळे नाही. रक्त पाहून, उपाशी आल्यामुळे, श्वास रोखून धरल्यामुळे पडतात. नाडी मंद होते, रक्तदाब उतरतो, कानात शीळ वाजते, ओठ पांढरे पडतात. दाढ काढताना तुम्हाला घाम फुटला होता म्हणता, म्हणून आवर्जून सांगते. पोटभर जेवून जा, वरण-भात-पोळी असं नीट जेवण. आदल्या रात्री दारू अजिबात नको. काढणाऱ्याला आधीच सांगा की मला घाम फुटतो. आडवं झोपून काढायला सांगा, छातीवर असेल तर तसंच झोपवतात. कानात शीळ वाजली की लगेच बोला, पाय वर करून पाच मिनिटं पडून राहा. यात लाज वाटायचं काही नाही. आमच्याकडं धिप्पाड पैलवानसुद्धा पडतात.

अ‍ॅस्पिरिन घेऊन जाऊ नका, रक्त जास्त येतं. पण डॉक्टरांनी हृदयासाठी चालू केलेली गोळी असेल तर स्वतःच्या मनानं बंदही करू नका.

मलमाबद्दल मी थोडी कडक आहे. लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी २.५ टक्के, हे मलम आमच्याकडं लहान मुलांना सुई टोचण्याआधी लावतात. तासभर आधी, वर प्लास्टिक लावून, ठरावीक प्रमाणात. पंजाएवढ्या जागेवर थापून, घट्ट गुंडाळून दोन-तीन तास ठेवलं तर औषध रक्तात उतरतं. हृदयाचे ठोके बिघडू शकतात, झटके येऊ शकतात. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी खात्यानं, टॅटूसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या जास्त तीव्रतेच्या लिडोकेन मलमांबद्दल इशारा दिला होता. तिकडं दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मलमात ४ टक्क्यांची मर्यादा आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या नाव-गाव नसलेल्या ट्यूबा घेऊ नका. आणि सोललेल्या कातडीवर मध्येच बधिर करायचा फवारा मारून घेऊ नका, ती शोषते.

एक स्वार्थाची गोष्ट. तुम्ही रक्तदान करत असाल तर जाण्याआधी देऊन या, पण आठवडाभर तरी आधी. टॅटूनंतर आम्ही वर्षभर रक्त घेत नाही.

छातीचं मात्र मला अनुभवानं सांगता येणार नाही.

शाईवाला_पनवेल

छातीचं मी सांगतो. अकरा वर्षं हेच करतोय.

आधी एक समजून घ्या. ही सुई इंजेक्शनसारखी आत शाई सोडत नाही. सुयांचा छोटा झुबका असतो, त्यांच्या फटीत शाई धरली जाते, आणि तो झुबका मिलिमीटर-दीड मिलिमीटर आत जाऊन येतो. वरची कातडी झडत राहते, तिच्याखालच्या थरात शाई राहते. मज्जातंतूंची टोकं त्याच थरात असतात. त्याच्याही खाली काय आहे, मांस की हाड, यावर बाकी सगळं.

डावी छाती म्हणजे एक जागा नाही. मधला मांसल भाग, जिथं दंड-बैठका काढणाऱ्याला गोळा येतो, तो सोसतो. तिथून वर गळ्याजवळच्या आडव्या हाडाकडं गेलं की मशीन हाडात घुमतं. मधल्या उभ्या हाडावर तसंच. स्तनाग्राभोवती आणि काखेच्या कडेला सगळ्यात वाईट. म्हणून मी गिऱ्हाइकाला उभं करून आधी स्टेन्सिल (कातडीवर उमटवायचा चित्राचा छाप) लावतो आणि चित्र दोन बोटं इकडं-तिकडं सरकवतो. तुमच्या बाबतीत कपाळ आणि डोळे मांसावर येऊ द्या. शिंगाचं टोक हाडावर जाईल, पण ती दहा मिनिटांची रेघ आहे. मुस्कट खाली स्तनाग्रावर येत नाही ना, एवढं बघा.

रेघेचं दुखणं आणि सावलीचं दुखणं वेगळं. रेघ ब्लेडनं ओरखडल्यासारखी, पण पुढं सरकते. सावली भरताना रुंद सुई त्याच जागेवर पुन्हा पुन्हा फिरते, खरचटलेल्या गुडघ्यावर कुणी घासावं तसं. बैलाच्या तोंडात सावलीच जास्त, म्हणून वेळ लागतो. दोन तासांनंतर माणूस थकतो, अंग थरथरतं, मग मघाशी न दुखलेली जागासुद्धा दुखते. अर्धवट राहील ही भीती काढून टाका. दोन बैठकांत करा, मधे तीन-चार आठवडे. पहिल्या दिवशी बाह्यरेषा आणि डोळे झाले की हरण्या हरण्या दिसायला लागतो.

छातीवरचे केस घरी काढून येऊ नका. वस्तरा लागून कातडी कापली तर तिथं मी काम करत नाही. नवी सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढायला लावा, हातमोजे बघा, शाई छोट्या टोपणात वेगळी ओतलेली पाहिजे. हे विचारल्यावर जो चिडेल त्याच्याकडून उठून या.

माळावरची_पोर

मी हे सगळं आजीला वाचून दाखवलं. ती सांगतेय तसं लिहिते.

"मी नऊ-धा वर्षांची असंन. गोंदणारीण दारात आली, आईनं सुपात जोंधळं घातलं अन् मला म्होरं बसवलं. चार सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या. काजळी कालवून ठेवलेली. आधी हातावर तुळस काढली, ती मी बघत बसले. चरचरली, पण बघवत हुती. कपाळाला मात्र चुलतीनं मागून डोस्कं धरलं. कपाळाला मांस कुठं असतंय? टकटक टकटक आत वाजायचं, डोळ्यातनं आपसूक पाणी. हनुवटीला त्याहून जास्त, दात हालल्यागत व्हायचं. गोंदणारीण समदा वेळ गात हुती. गाणं थांबलं की दुखायचं, म्हणून मी तिला म्हणलं, थांबू नगं. मग हळद अन् तेल. आठ दिवस हुळहुळत हुतं."

आजी म्हणते, त्या पोराला सांग, मेल्यावर सोन-नाणं इथंच काढून घेत्यात, गोंदण तेवढं संगं येतं. बैल संगं नेतोय तर नेऊ दे.

(हळद-तेल आता लावू नका, हे माझं. स्टुडिओवाले सांगतील तेच लावा.)

भरतीची_तयारी

ज्यांना सैन्यात जायचंय त्यांनी छातीवर काढू नका. कोपर ते मनगट हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू, एवढ्याच जागी कायमचा टॅटू चालतो. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या प्रथेनुसार सवलत आहे. दादांना लागू नसेल, पण इथं पोरं वाचतात म्हणून लिहिलं.

हरण्याचा_मालक

मंडळी, दीड महिन्यानं लिहितोय. काढला. छातीवरच.

सगळ्यांचं ऐकलं. सुट्टी टाकून गेलो, आईनं केलेली बाजरीची भाकरी आणि पिठलं खाऊन. मलम लावलं नाही. स्टेन्सिल तीनदा पुसून पुन्हा लावायला लावली, काढणारा वैतागला नाही.

पहिली रेघ कपाळाची. मला वाटलं होतं त्याच्या निम्मंसुद्धा दुखलं नाही, नुसतं चरचरलं. ताई, तुमचा शब्द तिथंच आठवला. उजवं शिंग वर जायला लागलं आणि मशीन हाडावर आलं, तेव्हा मात्र आवाज छातीतून गळ्यात, गळ्यातून जबड्यात आला. आजी म्हणाल्या तसे दात हलल्यागत झाले. दुखण्यापेक्षा तो आवाज अंगात शिरतो, तो सोसवत नव्हता. मी श्वास सोडायला लागलो, दर रेघेला एक. दहा मिनिटं म्हणाले होते शाईवाले दादा, मला वाटतं पंधरा लागली. कारण ते शिंग आत वळलेलं होतं आणि काढणाऱ्याला ते घाईत काढायचं नव्हतं.

दीड तासानं कानात शीळ वाजली. लगेच सांगितलं. पाय वर केले, लिंबू-सरबत दिलं, सात-आठ मिनिटांत ठीक. आधी वाचलं नसतं तर मी गप्प बसलो असतो आणि पडलो असतो.

पहिल्या दिवशी तिथंच थांबलो. पाचव्या आठवड्यात, म्हणजे गेल्या रविवारी, सावली भरली. ती शेवटाला वाईट. एका जागी किती वेळ घासतोय असं वाटत राहतं. शेवटी त्यानं पांढरी शाई घेतली, डाव्या डोळ्यात चमक द्यायला. ज्वारीच्या दाण्याएवढी जागा. पण ती सगळीकडून टोचून झालेली, आणि तिथं पुन्हा सुई. आख्ख्या दोन दिवसांत तेवढ्या एका ठिपक्याला मी ओरडलो. उठून आरशात बघितलं तर तो बघत होता. वडील बाहेर बसले होते, त्यांना आत बोलावलं. ते काही बोलले नाहीत, नुसतं शिंगाकडं बोट केलं.

आता खपली निघतेय, खाज सुटलीय, पण हात लावत नाही. कामावर आतून स्वच्छ सुती बनियन घालतो, कूलंट तिथवर येत नाही. एकच विचारायचंय शाईवाले दादांना. डोळ्यातला पांढरा ठिपका मळकट, पिवळसर दिसतोय. गेला का तो?

शाईवाला_पनवेल

गेला नाही. वर अजून झडणारी कातडी आहे, तिच्यातून तो तसाच दिसतो. पुरते सहा आठवडे जाऊ द्या, उन्हात उघडा ठेवू नका. पांढरी शाई काळ्यासारखी टिकत नाही, थोडी मळते, पण डोळा दिसेल. तेव्हाही कमी वाटला तर त्याच माणसाकडं जाऊन तेवढा दाणा पुन्हा भरून घ्या. या वेळी एक मिनिटसुद्धा लागणार नाही, आणि आधी टोचलेलं काही नसल्यामुळे इतकं दुखणारही नाही.