उ.: छोट्या बोटीसाठी वॉटरमेकर

छोट्या बोटीसाठी कोणता वॉटरमेकर, म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, घ्यावा असं तुम्ही विचारलंत. तासाला 100 लिटर देणारा घ्या, टाकी पटकन भरते, हा वरच्या उत्तरातला सल्ला जनरेटर असलेल्या बोटीपुरता ठीक आहे. तुमच्या 36 फुटी बोटीवर माणसं दोन आणि वीज फक्त सोलरची. मग आधी लिटरमागे वीज किती खाणार ते विचारा. समुद्राचं पाणी मेम्ब्रेनमधून, म्हणजे मीठ अडवणाऱ्या पडद्यातून, ढकलायला साधारण 55 बार दाब लागतो आणि सगळी वीज तिथेच जाते. बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्यातला दाब परत वापरणारे पंप लिटरमागे चारेक वॅट-तासांत भागवतात. दिवसाला 25 लिटर धरले तर 12 व्होल्टवर जेमतेम 8-9 अँपिअर-तास. एवढं दोन पॅनल हसत देतात. असे पंप महाग असतात हे खरं, पण जनरेटर, त्याचं डिझेल आणि त्याची कटकट वाचते, तेही हिशोबात धरा की!

दक्षिण पॅसिफिकमधल्या तुआमोटूसारख्या प्रवाळबेटांवर तर यंत्र हवंच. तिथे गावकरीच पावसाचं पाणी साठवून पितात, त्यांच्याकडे कुठे मागणार?

आता खरी मेख. मेम्ब्रेन वापराने कमी आणि पडून राहून जास्त खराब होतं. आठवड्यात चाललं नाही तर गोड्या पाण्याने धुवायचं. ते पाणी धक्क्यावरच्या नळाचं असेल तर आधी कार्बन फिल्टरमधून घ्या, क्लोरीन मेम्ब्रेनची वाट लावतं. बंदरात, तेलाचा तवंग असताना, यंत्र सुरूच करू नका.

आणि टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा, घ्याच, अगदी स्वस्त असतो.