चर्चा: नोंदणीच्या कामाला डॉसमधील अक्षरी मेनूच बरे होते का?

गुलटेकडीवाला

मार्केट यार्डातील आडत्यांसाठी मी अनेक वर्षे फॉक्सप्रो या, नोंदी सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या भाषेत हिशेबाचे प्रोग्राम लिहिले. आता तिथे ब्राउझरवर चालणारी सॉफ्टवेअर आली आहेत. तरीही दिवसभर पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालविक्रीचे हिशेब) भरणाऱ्या दिवाणजींसाठी डॉस या जुन्या संगणकप्रणालीतील, फक्त अक्षरे दाखवणारी स्क्रीनच अधिक सोयीची होती, असे माझे ठाम मत आहे.

त्या स्क्रीनवर 25 ओळी आणि प्रत्येक ओळीत 80 खाने असत. प्रत्येक खान्यासाठी एक बाइट अक्षराचा आणि एक रंगाचा, म्हणजे 4000 बाइटमध्ये संपूर्ण चित्र मावत असे. त्यामुळे सामान्य यंत्रावरही स्क्रीन क्षणात उमटे. पण वेगापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की दाबलेल्या कळा रांगेत थांबत. आयबीएम पीसीच्या बायॉसमध्ये, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या मूळ प्रोग्राममध्ये, अशा 15 कळा साठत असल्याने, मेनूतील अक्षरे पाठ झालेला दिवाणजी पुढची स्क्रीन उघडण्यापूर्वीच तिची उत्तरे देऊन मोकळा होई आणि त्याची नजर कागदावरून हलत नसे. ब्राउझरमध्ये पान तयार होण्याआधी दाबलेली कळ वाया जाते, किंवा भलत्याच चौकटीत उमटते.

नवशिक्याचे काय, असे कोणी विचारील म्हणून सांगतो. 1983 च्या लोटस 1-2-3 या आकडेमोडीच्या प्रोग्राममध्ये तिरकी रेघ दाबली की वर मेनू येई आणि निवडलेल्या पर्यायाचा खुलासा त्याखालच्या ओळीत दिसे. नवखा माणूस बाणाने सरकत वाचे, सरावलेला पहिले अक्षर दाबून पुढे जाई. दोघांना मेनू एकच होता.

कर्वेरोड

कळांची रांग हा गुण आपण सांगता, पण तीच रांग चुकाही तितक्याच निष्ठेने पुढे नेत असे. ‘नोंद खोडायची का?’ हा प्रश्न स्क्रीनवर येण्याआधीच त्याचे उत्तर रांगेत उभे असेल, तर विचारण्याला अर्थच उरत नाही. डीबेस या नोंदी सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या घराण्यातील भाषांना (फॉक्सप्रोही त्यातलीच) रांग रिकामी करणारी वेगळी आज्ञा का ठेवावी लागली, याचा विचार करावा.

शिवाय प्रत्येक प्रोग्रामची रीत निराळी होती. बहुतेक ठिकाणी मदतीसाठी एफ1, तर वर्डपरफेक्ट या लेखनाच्या प्रोग्राममध्ये एफ3. बाहेर पडायला तिथे एफ7, आणि तशाच वर्डस्टारमध्ये कंट्रोलसह अक्षरांच्या जोड्या. या गोंधळाला शिस्त लावण्यासाठी आयबीएमला 1987 मध्ये सामाईक नियम जाहीर करावे लागले. लोटसचे उदाहरण चांगले आहे, पण ते अपवादाचे आहे.

पाषाणकर

दोघेही इंग्रजी अक्षरे गृहीत धरून बोलत आहात. रोमन लिपीत ‘काळे’ आणि ‘काले’ हे दोन शेतकरी एकाच नावाने खात्यात बसत, त्याचे काय? याच पुण्यात 1988 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे जिस्ट कार्ड (भारतीय लिप्या दाखवणारा जोडभाग) संगणकात बसवल्यावर डीबेससारख्या तयार प्रोग्राममध्येही देवनागरी दिसू लागली, ही मोठीच कामगिरी होती. पण ती बाहेरून जोडलेली सोय होती. इस्की या, अक्षरांना क्रमांक नेमून देणाऱ्या संकेतात भारतीय लिप्यांची जागा 161 ते 250 या क्रमांकांत, आणि आयबीएमच्या मूळ अक्षरसंचात मेनूच्या चौकटी आखणाऱ्या रेघांची जागा 179 ते 218 मध्ये. म्हणजे चौकट आणि मराठी एकाच घरावर हक्क सांगत होत्या. अक्षरी स्क्रीनची थोरवी गाताना ती कोणाच्या अक्षरांची होती, हेही नोंदवावे.

गुलटेकडीवाला

पाषाणकरांचा मुद्दा मान्य आहे, पण तो अक्षरसंचाचा दोष आहे, मेनूच्या रीतीचा नाही. खोडण्याच्या प्रश्नापूर्वी रांग रिकामी करणे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याचे काम होते, आणि ते एका ओळीचे होते.

माझ्या मते बिघाडाला सुरुवात झाली ती स्क्रीन बांधून देणाऱ्या साधनांपासून. ‘से’ (दाखव) आणि ‘गेट’ (भरून घे) या आज्ञांनी ओळ आणि खाना मोजून स्क्रीन लिहिताना कोणती चौकट कशानंतर यावी, याचा विचार करावाच लागे. फॉक्सप्रो 2.0 मध्ये 1991 साली स्क्रीन बिल्डर आला आणि लोक आधी चित्र काढू लागले. त्यातून तयार झालेल्या प्रोग्राममध्ये हाताने दुरुस्ती केली, तर पुढच्या वेळी तो नव्याने तयार होताना ती पुसली जाई.

कर्वेरोड

ती दुरुस्ती तयार प्रोग्राममध्ये करायचीच नव्हती. बिल्डरमध्ये प्रत्येक चौकटीसोबत स्वतःच्या ओळी लिहिण्याची जागा होती, आणि तिथे लिहिलेले टिकत असे. पट्टीत एक कपात वाढली, तर खालच्या सगळ्या ओळींचे आकडे पुन्हा मोजत बसण्यात कसला विचार होता? बोरलँड कंपनीच्या टर्बो व्हिजन या, प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीच्या साधनाने तर 1990 मध्येच मेनू, खिडक्या आणि संवादचौकटी तयार हाती दिल्या होत्या, आणि तीही अक्षरी स्क्रीनच होती.

गुलटेकडीवाला

एवढेच सांगावे, की आमच्या स्क्रीनवर एंटर दाबला की पुढची चौकट येई, त्यामुळे आकडे भरणारा उजवा हात अंकांच्या कळांवरून उठत नसे. ब्राउझरमध्ये एंटर दाबला की अर्धवट अर्जच रवाना होतो.

कर्वेरोड

ते बदलायला आजही थोड्याच ओळी पुरतात. त्या लिहिल्या जात नाहीत, कारण सॉफ्टवेअर पसंत करणारे शेठ स्वतः पट्ट्या भरत नाहीत, आणि दिवाणजींना कोणी विचारत नाही. तुमच्या काळी तुम्ही दिवाणजींच्या शेजारी बसून प्रोग्राम लिहीत होता. श्रेय द्यायचे तर त्या बसण्याला द्या, 80 खान्यांना नव्हे.