पहिली गिअरची गाडी: कळवा ते महापे, उंची पाच फूट दोन इंच. कोणती घेऊ?

विटावा_रोज:

नमस्कार. मी कळव्यात राहते, वय २४. महापेला एमआयडीसीत एका लॅबमध्ये नोकरी लागलीय. एक आठवडा सोडून दुसरी पाळी असते, तेव्हा रात्री ११ ला सुटते. सध्या कळव्याहून आधी उलटं ठाण्याला जायचं, तिथून ट्रान्स-हार्बरने घणसोली आणि पुढे शेअर रिक्षा. सकाळचं निभतं. रात्री मात्र रिक्षा मिळेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं एकटीने उभं राहावं लागतं आणि मला ते आता नको झालंय. गाडीने विटावा, दिघा, ऐरोली, रबाळे असा सरळ रस्ता आहे, बारा-तेरा किलोमीटरचा.

स्कूटर येते. आत्तेभावाची चालवायचे, विनागिअरचं लायसन्सही आहे. पण घ्यायची ती गिअरचीच. आजी ओतूरला असते. वर्षातून तीन-चारदा एसटीने माळशेज चढून जाणं होतं, आणि तो घाट एकदा स्वतःच्या गाडीने चढायचा हे कॉलेजपासून मनात आहे.

घरात माणसं तितकी मतं. बाबा म्हणतात, डोळे मिटून स्प्लेंडर घे. आत्तेभाऊ म्हणतो, थेट ३५० सीसीची घे, वर लागतील त्या पैशांचं कर्ज काढ. आई म्हणते, घेऊच नको. माझं बजेट ऑन-रोड १ लाख २० हजार. वजन ५१ किलो. मायलेज आणि रिसेलचे आकडे वाचून डोकं भणभणलंय. हा रस्ता रोज करणाऱ्यांनी सांगावं, तुम्ही तुमच्या बहिणीला काय घ्यायला सांगितलं असतं?

---

पाचपाखाडीकर:

आत्तेभावाशी सहमत. एकदाच घ्या, मनासारखी घ्या. मी १२५ घेतली आणि दीड वर्षात विकली, त्यात नुकसान झालं. शिवाय आता ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. माळशेजला जायचं म्हणताय, तिथे दणकट गाडीच बरी.

---

वाघबीळकर:

मी वाघबीळला राहतो आणि गेली १९ वर्षं दुचाकीनेच रबाळ्याला कामाला जातो. कापूरबावडी, माजिवडा, कळव्याचा पूल, आणि पुढे तुमचाच रस्ता. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गाडी घेताना जो तो ती पळते कशी हे विचारतो. तुमच्या रस्त्यावर सकाळी गाडी पळणारच नाही. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली रांगेत तुम्ही पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर चार फूट सरकणार, पाय टेकणार, पुन्हा चार फूट सरकणार. डावीकडे रिक्षा, उजवीकडे टेम्पोचं चाक. त्या पंधरा मिनिटांत गाडीचा सगळा भार तुमच्या पायांवर असतो.

माझी पहिली गाडी १७० किलोच्या आसपासची होती. नवी नोकरी, आवाज आवडला, घेतली. माझी उंची पाच फूट पाच. सीटवर बसलो की दोन्ही पायांचे नुसते चवडे टेकायचे. शोरूमच्या फरशीवर तेवढं पुरेसं वाटलं. तिसऱ्याच आठवड्यात, जुलैत, संध्याकाळी पुलाखाली पोटरीएवढं पाणी होतं. रांग थांबली. मी डावा पाय टाकला तो नेमका पाण्याखालच्या खड्ड्यात, तिथला पेव्हर ब्लॉक निघालेला होता. पाय चार इंच खाली गेला आणि त्याबरोबर गाडीही कलली. कलणारी गाडी पहिल्या दोन-तीन इंचांत सावरली तर सावरते, त्यापुढे ती आवरत नाही. डावीकडून एक मावशी डोक्यावर पिशवी घेऊन पाण्यातून चालल्या होत्या. गाडी त्यांच्यावर जाऊ नये म्हणून मी जीव खाऊन हँडल ओढून धरलं, आणि ती माझ्याच पायावर बसली. घोटा फूटरेस्टखाली. दोन रिक्षावाले आणि मागचा एक मुलगा, तिघांनी मिळून उचलली तेव्हा पाय निघाला. साडेतीन आठवडे प्लास्टर. मावशींना काही लागलं नाही, त्याबद्दल मी आजही देवाचे आभार मानतो.

गाडीत खोट नव्हती. उभी असताना ती मला पेलत नव्हती.

आता तुमच्याबद्दल. रॉयल एनफील्डच्या हंटर ३५० चं वजन साधारण १८१ किलो. होंडा शाइन १२५ चं ११३-११४, टीव्हीएस रेडर १२५ चं १२३, स्प्लेंडरचं ११२ च्या आसपास. सीटची उंची मात्र या चारही गाड्यांची ७८० ते ७९० मिलिमीटरच्या आसपासच येते. त्यामुळे शोरूममध्ये हंटरवर बसूनही तुम्हाला वाटेल, पाय तर पुरतायत! पाय पुरणं वेगळं आणि भार पेलणं वेगळं. तुमचं वजन ५१ आहे. पहिल्या सहा महिन्यांत गाडी दोनदा तरी कलणारच, सगळ्यांची कलते, आणि तेव्हा हाताखाली ११५ किलो आहेत की १८० यावर सगळं ठरतं. पाचपाखाडीकरांनी दीड वर्षात १२५ विकली हे खरं असेल, पण गाडी चालवायला ते त्याच १२५ वर शिकले ना? ते नुकसान मी शिकवणीची फी धरतो.

बाबांचं चूक नाही. स्प्लेंडर दगा देत नाही. पण ठाणे-बेलापूर रस्त्यावर टँकर आणि कंटेनरच्या मधून निघायला आणि माळशेजच्या चढाला १०० सीसीपेक्षा १२५ ला दम जास्त असतो. म्हणून मी १२५ म्हणेन, आणि पुढे डिस्क ब्रेक असलेलीच. सव्वाशे सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. त्याखाली बहुतेकांना सीबीएस असतं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. पण चाक लॉक होणं सीबीएस थांबवत नाही, ते काम एबीएसचं. १२५ मध्येच एबीएस हवं असेल तर हिरो एक्स्ट्रीम १२५आर मध्ये तसं मॉडेल मिळतं, वजन मात्र १३६ किलो. बसून बघा, पेलली तर माझी पसंती तिलाच. नाही पेलली तर शाइन किंवा रेडर घ्या आणि पहिल्या पावसाचे तीन-चार दिवस गाडी घरी ठेवा. एमआयडीसीच्या रस्त्यावर वर्षभर सांडलेलं ऑईल त्या दिवसांत वर येतं.

---

सीवूड्सहून_सकाळी:

मी तुमच्याहून इंचभर बुटकीच आहे आणि चार वर्षं १२५ चालवतेय, सीवूड्स ते तुर्भे. काकांनी वजनाचं सांगितलं ते शंभर टक्के. मी शोरूमबद्दल सांगते.

ऑफिसचे बूट घालून जा, डब्याची सॅक पाठीवर घेऊन जा. नुसतं बसू नका. सेल्समन गाडी स्वतःच धरून ठेवतो, त्याला हात काढायला सांगा. मग बसल्या बसल्या पायांनी गाडी मागे ढकला, पार्किंगमधून काढताना ढकलतो तशी, आणि शक्यतो थोड्या चढावर. नंतर खाली उतरून डबल स्टँडवर लावा. या दोन गोष्टी जिच्यावर जमल्या ती तुमची गाडी. सीटच्या उंचीचा आकडा सारखा असला तरी पुढे निमुळती सीट असली की पाय सरळ खाली येतात, रुंद असली की मांड्या फाकतात आणि टाच वर राहते. हे कागदावर कुठे लिहिलेलं नसतं.

अजून एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं: क्लचचा लिव्हर. माझी बोटं आखूड आहेत. पहिल्या महिन्यात लिव्हर बोटांच्या टोकांनी ओढायचे, तुर्भ्याच्या सिग्नलपर्यंत मनगट बधिर. मेकॅनिकने केबलची अ‍ॅडजस्टमेंट केली, लिव्हर थोडा खाली वळवून दिला, पाच मिनिटांचं काम. डिलिव्हरीच्या दिवशीच करून घ्या.

आणि तुमचं लायसन्स विनागिअरचं आहे, ते गिअरच्या गाडीला चालत नाही. त्यासाठी नवीन लर्निंग काढावं लागेल, किमान ३० दिवस थांबून मग टेस्ट. आजच अर्ज करा, नाहीतर गाडी दारात आणि तुम्ही खिडकीत. त्या क्लासचं लायसन्स नसताना काही झालं तर विम्याचा क्लेमही अडकतो.

सरावाला रविवारी सकाळी सहाला महापे एमआयडीसीचे आतले रस्ते. रिकामे असतात आणि तुमचं ऑफिसही तिथेच. पहिले दोन रविवार अ‍ॅक्सिलरेटरला हात लावू नका. नुसता क्लच हळूहळू सोडायचा, गाडी आपोआप पुढे सरकायला लागते ती जागा डाव्या हाताला पाठ झाली पाहिजे. ती पाठ झाली की घणसोली-तळवलीच्या पुलावर चढात अडकलात तरी गाडी मागे येणार नाही.

---

कोपरखैरणे_गॅरेज:

ताई, बजेट कमी पडत असेल तर दोन-तीन वर्षं वापरलेली १२५ वाईट नाही. पहिली गाडी पडतेच, जुनी पडली तर जीव तुटत नाही. रोज गाड्या उघडतो म्हणून सांगतो.

बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधी सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. गेल्यावर पहिलं इंजिनजवळ हात न्या. गरम असेल तर समजा, सकाळी स्टार्टिंगचा त्रास आहे आणि तो लपवलाय. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर बोट फिरवा, तेलकट लागलं तर सील गेलंय. डबल स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मध्ये अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग गेलं. ते बदलता येतं, पण सरळ रस्त्यावर हँडल एका बाजूला ओढत असेल तर गाडी ठोकलेली आहे, ती सोडून द्या, कितीही स्वस्त असो. टायरवर चार आकडे असतात: ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी पाच-सहा वर्षांचं टायर कडक होतं, ओल्यावर धरत नाही.

कागदांत आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. ई-चलान बाकी आहेत का तेही तपासा, नंतर ती तुमच्याच गळ्यात पडतात.

नवी घ्या, जुनी घ्या, पण हेल्मेटचे पैसे आधी बाजूला काढा. आयएसआय मार्क, तोंड झाकणारं, आणि घातल्यावर गालांना दाबून बसेल असं. सैल हेल्मेट पडल्यावर आधी उडतं. माझ्याकडे आलेल्या ठोकलेल्या गाड्यांसोबत अशी हेल्मेटं मी खूप पाहिलीत.

---

विटावा_रोज:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाबांना घेऊन शोरूम फिरले. सॅक, बूट, सगळं जसं सांगितलं तसं. शोरूमबाहेर फुटपाथवरून उतरायला छोटा चढ होता, तिथे ३५० घेऊन उभी राहिले. बसले तेव्हा मस्त वाटलं, खरंच. मागे ढकलायला गेले तर गाडी वीतभरही हलली नाही आणि डावा गुडघा थरथरायला लागला. बाबा काही बोलले नाहीत, फक्त मागचं कॅरियर धरून उभे राहिले. एक्स्ट्रीम मागे ढकलता आली, पण डबल स्टँडचं काही जमलं नाही. शाइन दोन्हीत जमली. डबल स्टँडला तिसऱ्या प्रयत्नात, पण जमली. डिस्कवाली बुक केलीय. लर्निंगचा अर्ज काल रात्रीच भरला.

आईने अजून होकार दिलेला नाही. पण सकाळी विचारत होती, हेल्मेट कुठे मिळतं, मीही येते, गालाला दाबतंय का ते मी बघेन.

एकच विचारायचं राहिलं. वाघबीळकर काका, पावसात पुलाखाली पाणी दिसलं तर करायचं काय?

---

वाघबीळकर:

पुढची गाडी जाऊ द्या आणि तिचं चाक बघा. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं असेल तर तिथूनच वळा, गाडी घरी लावा आणि ट्रेन धरा, त्या दिवशी उशीर झाला तरी चालेल. त्याहून कमी असेल तर पहिला गिअर, रेस एकसारखी, मध्ये सोडायची नाही, आणि पुढच्या गाडीपासून दोन गाड्यांचं अंतर, म्हणजे पाण्यात थांबावं लागणार नाही. बंद पडलीच तर सेल्फ मारू नका, इंजिनात पाणी ओढलं जातं. उतरा आणि ढकलत बाहेर काढा. ११४ किलोची आहे, तुम्हाला ढकलता येईल. आणि डाव्या कडेने जाऊ नका, ब्लॉक तिथलेच निघतात.