मदत हवी आहे: मिठाच्या पाण्यात बन्सी गहू आधी का मरून राहिला?

नमस्कार मंडळी, नागपूरहून, एमएस्सी बॉटनी. मामाचं शेत दर्यापूरकडे खारपाणपट्ट्यात, तिथल्या बोअरचं पाणी जिभेला लावलं तरी कळते, म्हणून हौसेनं हा विषय घेतला न आता फसली.

चहाच्या कपांत रेती भरून अर्ध्यात लोकवन न अर्ध्यात बन्सी लावला (दाणे इतवारीतून किलोनं आणलेले, हसू नका). तीन पानं आल्यावर लिटरला ५.८४ ग्रॅम मीठ, म्हणजे १०० मिलीमोलर, एकाच दिवशी दिलं. दहा दिवसांत बन्सीची खालची पानं टोकाकडून वाळून पुंगीसारखी झाली, लोकवन खुरटला पण हिरवा आहे.

आता मुळाच्या पेशीच्या मेम्ब्रेनमधलं (बाहेरच्या पडद्यातलं) एसओएस१ नावाचं प्रोटीन एक प्रोटॉन आत घेऊन सोडियम बाहेर फेकते, न ते प्रोटॉन आधी बाहेर ढकलायला एटीपी (पेशीचं इंधन) जाळणारा पंप वेगळा, इथवर समजलं. पण हे तर दोन्ही गव्हांत आहे ना? मग फरक कशाचा? न बाहेर फेकलेला सोडियम पुन्हा आत येतच असेल, मग फायदा काय? त्यात मी एनएचएक्स१ (सोडियम हलवणारं दुसरं प्रोटीन) पण आकृतीत ह्याच मेम्ब्रेनवर दाखवलं तर मॅडमनी लाल गोल मारला. फ्लेम फोटोमीटर (सोडियम मोजायचं यंत्र) बंद पडून आहे, मोजताही येत नाही.

उत्तर १
मॅडम बरोबर आहेत, एनएचएक्स१ आतल्या व्हॅक्यूओलच्या (पेशीतल्या साठवणीच्या पिशवीच्या) मेम्ब्रेनवर असतं, ते सोडियम तिथं कोंडून ठेवतं. सोडियम परत आत येतो हेही खरं, रोपाची बरीच ताकद त्यातच जाते.

पण तुझं उत्तर मुळाच्या दाराशी नाही, झायलमपाशी (मुळातून वर पाणी नेणाऱ्या नळ्यांपाशी) आहे. बन्सी म्हणजे ड्युरम प्रकारचा गहू, त्याच्याकडे ए आणि बी जिनोम (क्रोमोसोमचे संच), डी नाहीच. लोकवनकडे डी आहे आणि त्याच्या ४डी क्रोमोसोमवर एचकेटी१;५ चं जीन. हे प्रोटीन झायलमला लागून असलेल्या पेशींच्या मेम्ब्रेनमध्ये बसून वर चाललेल्या रसातला सोडियम परत ओढून घेतं, पानापर्यंत कमी पोचतो. ऑस्ट्रेलियात जुन्या एकदाणी गव्हातलं असंच जीन संकरानं ड्युरममध्ये आणलं, खाऱ्या शेतात उत्पादन २५ टक्क्यांपर्यंत वाढलं, २०१२ चा पेपर आहे.

एक मात्र चुकलंच. मीठ एकदम दिलंस तर पहिला झटका पाण्याच्या ताणाचा बसतो, रोज २५-२५ मिलीमोलरनं वाढव. आणि कॅल्शियम टाकलं होतंस का? ते कमी असलं की सोडियम जास्त शिरतो आणि पोटॅशियम गळतं. शिवाय एसओएस१ ला चालू करणारा निरोपही कॅल्शियमचाच, एसओएस३ हे प्रोटीन तो ओळखतं, मग एसओएस२ जागं होऊन एसओएस१ ला चालू करतं.

धागाकर्ती
नाही ना दादा, नुसतं मीठच टाकलं होतं 😭 म्हणजे सगळे कप पुन्हा. पण बन्सीला डी नाही हे इतक्या दिवसांत कोणीच सांगितलं नव्हतं बाप्पा! दाणे उद्याच भिजवते.