पक्षी न उडवता फोटो: कोण काय करतं?

थंडीतले पाहुणे उतरू लागलेत, म्हणून हा धागा. 'सुरक्षित अंतर ठेवा' सगळ्यांना पाठ आहे, ते नको. कोणता पक्षी, अंतर कशावरून ठरवता, काय बिघडतं आणि का, ते लिहा. घरट्याचे फोटो आणि घरट्याच्या जागा इथे टाकू नका.

रोहित (फ्लेमिंगो), भिगवण

उजनीचं पाणी ओसरलं की कुंभारगाव-डिकसळकडे रोहित उथळ पाण्यात चरायला येतात. होडीवाल्याशी बोलणं काठावरच करून घ्या: थव्यावर सरळ जायचं नाही, तिरकं जायचं, आणि शेवटचे शंभरेक मीटर इंजिन बंद करून बांबूने होडी ढकलत.

नजर मानांवर ठेवा. चरणाऱ्या रोहितची मान पाण्यात आणि चोच उलटी असते. एखाद-दुसरी मान वर आली तर काही बिघडत नाही. निम्म्या माना ताठ झाल्या की बांबू थांबवा. सगळे एकमेकांना खेटून एकाच दिशेला चालू लागले, तर थांबूनही भागत नाही, मागे सरा. रोहित जागच्या जागी उठत नाही, पाण्यावर धावत जाऊन उडतो. चरणं सुटतं ते सुटतंच, वर ही दमछाक.

'उडवू का साहेब?' असं विचारणारे भेटतात. त्यांना आधीच नाही म्हणा, आणि बक्षिसी न उडवल्याबद्दल द्या. थवा आपण होऊन जागा बदलतो तेव्हा १/२००० शटर पुरतं. होडीत ट्रायपॉड लावू नका, होडीची थरथर थेट लेन्समध्ये येते. कोपर गुडघ्यावर टेकलेलं बरं.

गाडी हेच लपण (सासवड, कडबनवाडीचा माळ)

माळावरचे पक्षी गाडीला बुजत नाहीत, दार उघडलं की बुजतात. काच अर्धी खाली, तिच्यावर बीनबॅग (लेन्स टेकवायची पिशवी), इंजिन बंद. इंजिन चालू असेल तर थरथर येते आणि बॉनेटवरच्या गरम हवेने फोटो पाण्यातून काढल्यासारखा दिसतो. मग दोष लेन्सला! बीनबॅगमध्ये दोनेक किलो राजमा किंवा हरभरा भरा. तांदूळ दबून बसतो, पिशवी सपाट होते. पावसाळ्याआधी रिकामी करा, नाहीतर पोरकिडे होतात.

धाविक (कोर्सर) किंवा चंडोल दिसला की त्याच्या मागे गाडी रेटू नका. तो ज्या दिशेने चरतोय त्या बाजूला, बऱ्याच पुढे जाऊन थांबा. वीस मिनिटांत तो स्वतःच फ्रेम भरतो. चाकं मात्र जुन्या चाकोरीतच, कारण गवतात जमिनीवर अंडी असू शकतात. भोवत्या (हॅरियर, शिकारी पक्षी) संध्याकाळी गवतातच मुक्कामाला उतरतात. आपण तिथे रेंगाळलो की ते वरच घिरट्या घालत राहतात आणि अंधार पडतो. सूर्य टेकायच्या आत निघा.

वर अंड्यांचा विषय आला म्हणून, टिटवी

टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की खाली शोधायचं नाही. आलात त्याच पावलांनी परत फिरा. तिची अंडी बहुधा चार, खड्यांच्या रंगाची. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात ती अंडी उबवत कमी आणि गार जास्त ठेवते. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. तुम्ही दहा मिनिटं उभे राहिलात तर तेवढा वेळ अंडी तापतात. आणि कावळा तुमच्याकडेच बघत असतो.

तिबोटी खंड्या, पावसाळी कोकण

रायगडचा जिल्हा पक्षी, आणि बहुतेक सर्वांत जास्त छळलेला. मातीच्या दरडीत बिळ करून तो पिल्लं वाढवतो. चोचीत बेडूक किंवा पाल धरून फांदीवर मान हलवत बसलाय आणि आत जात नाही, ही पोज नव्हे. तुम्ही त्याच्या वाटेत आहात. आत पिल्लं उपाशी आहेत. तो बिळात शिरेपर्यंत मागे सरत राहा. बिळासमोर 'छान' काडी रोवणं, आडवी पानं छाटणं याने बिळ साप-मुंगसाला उघडं पडतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये घरट्याला त्रास देणं शिकारीच्या व्याख्येतच येतं. फोटो हवा असेल तर बिळापासून दूर, तो भक्ष्य धरतो त्या ओढ्यावर बसा. प्रकाश नसतोच: आयएसओ ३२००, शटर १/२००, मोनोपॉड, आणि दहातले आठ फोटो हललेले. फ्लॅश नाही.

कॉल (पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज) वाजवणे

पक्षी जवळ यावा म्हणून कॉल वाजवणारे 'दोनदाच वाजवला' म्हणतात, ते मला पटत नाही. नवरंग (पिट्टा) इथे येतो तेच विणीसाठी. त्याला मोबाइलमधला आवाज म्हणजे हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटतो. चरणं सोडून तो भांडायला येतो. अर्ध्या तासाने दुसरा ग्रुप, पुन्हा दोनदा. त्यापेक्षा पहाटे तो स्वतः ओरडतो ती दिशा धरा, पालापाचोळा दिसेल असे खाली बसा आणि हलू नका. पानं उलटत तो येतो. कधी येत नाही.

फ्रॉगमाऊथ (रातव्यासारखा निशाचर पक्षी), सावंतवाडी-गोवा

चोच आभाळाकडे आणि डोळ्यांची फट झालेला फ्रॉगमाऊथ झोपलेला नसतो. तो घाबरून वाळकी फांदी झालेला असतो. आपण मागे गेलो की चोच हळूहळू खाली येते, फोटो तेव्हाचा. जोडी दिवसेंदिवस त्याच फांदीवर बसते, म्हणून जागा फुटली की रोज नवी रांग. तालुक्यापेक्षा नेमकी जागा लिहू नका. कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो ग्रुपवर टाकताना त्यातलं लोकेशनही पुसा. बऱ्याचदा जागा तिथूनच फुटते.