नेट, सेट आणि प्रोजेक्टच्या जागा

एकाने विचारलंय की पीएचडी झाली नाही तर विद्यापीठात शिकवण्याच्या नोकरीसाठी अर्ज करून काही उपयोग आहे का. आहे ना! २०२३ च्या जुलैपासून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) असिस्टंट प्रोफेसरसाठी पीएचडीची सक्ती काढलीये, नेट (देशपातळीवरची पात्रता परीक्षा) किंवा सेट (तशीच राज्याची) चालतं. पण सेट (आपल्याकडे पुणे विद्यापीठ घेतं) महाराष्ट्र-गोव्यापुरतीच, बाहेर जायचं असेल तर नेटच द्या, त्यात जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,००० आणि वर घरभाडं. जेआरएफला वयाची अट आहे, असिस्टंट प्रोफेसरच्या नुसत्या पात्रतेला नाही, त्यामुळे तिशी ओलांडली म्हणून घाबरू नका.

कायम जागांची भरती निघेपर्यंत लोक तासिका तत्त्वावर (घेतलेल्या तासांपुरतेच पैसे) घासतात, सुट्टीत मानधन बंद, खरं सांगायचं तर त्यावर घर चालत नाही. त्यापेक्षा सायन्सवाल्यांनी प्रोजेक्टच्या जागा (संशोधन प्रकल्पातल्या तात्पुरत्या नोकऱ्या) बघाव्यात असं माझं मत. आयसर पुणे, एनसीएल (पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), आयआयटी मुंबई अशा संशोधन संस्थांच्या स्वतःच्या साइटवर जाहिराती येतात, मुदत कमी असते आणि पेपरात त्या दिसतीलच असं नाही, म्हणून दर आठवड्याला साइट उघडून बघायची. आणि ज्यांचा प्रोजेक्ट आहे त्या प्राध्यापकांना आधी चार ओळींचा मेल टाका, त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून, नुसता बायोडेटा चिकटवून नको.