परदेशातल्या चिनी मंडळांची गरज संपली का?

गावकूस

सिंगापूर, पेनांग, सॅन फ्रान्सिस्को, कुठेही जा. जुन्या चिनी वस्तीत एखाद्या गावाच्या, आडनावाच्या नाहीतर बोलीच्या मंडळाची इमारत असतेच. खाली देऊळ, वर कचेरी, भिंतीवर देणगीदारांच्या तसबिरी. माझं मत सरळ लिहितो: या मंडळांचं काम संपलंय. बंदरावर उतरलेल्या माणसाला खोली, काम आणि औषधपाणी यांनीच दिलं. मेल्यावर त्याच्या अस्थी गावी पोचवायची सोयही यांनीच केली. मान्य. आता त्यासाठी बँका आहेत, विमा आहे, सरकार आहे. उरलं काय? अध्यक्षपदाच्या मारामाऱ्या, नववर्षाची जेवणावळ आणि वकिलातीतल्या साहेबांसोबत फोटो.

हा फोटो वाटतो तितका साधा नाही. एप्रिल २०२३ मध्ये न्यू यॉर्कमध्ये दोघांना अटक झाली. चीनमधल्या फूचौ शहराकडच्या लोकांच्या मंडळाच्या जागेतून चिनी पोलिसांचं गुपचूप ठाणं चालवल्याचा आरोप होता. त्यातल्या एकाने डिसेंबर २०२४ मध्ये चीन सरकारचा हस्तक म्हणून काम करण्याचा कट केल्याचं कबूल केलं. मंडळ म्हणजे बीजिंगला आयती मिळालेली नावांची यादी. चर्चा व्हावी.

मुक्काम_सिंगापूर

असहमत. इथल्या ऑर्चर्ड रोडवर ताकाशिमाया हे मोठं दुकान ज्या इमारतीत आहे ती न्गी आन सिटी. पर्यटक तिथे पिशव्या भरभरून खरेदी करतात, पण त्या जागेवर एके काळी तिओच्यू बोली बोलणाऱ्या चिनी लोकांचं कब्रस्तान होतं आणि जागा न्गी आन कोंगसी या त्यांच्या १८४५ सालच्या मंडळाची. त्या मिळकतीच्या उत्पन्नातून शिष्यवृत्त्या आणि धर्मादाय कामं चालतात. १९६३ मध्ये याच मंडळाने कॉलेज काढलं, आजचं न्गी आन पॉलिटेक्निक ते हेच. सरकार आणि बँका आल्या म्हणून मंडळ मेलं नाही, त्याने धंदा शिकून घेतला. आमच्याकडच्या किती मंडळांना गणपतीच्या वर्गणीपलीकडे विचार करता आला?

शंकासुर

न्गी आनचं अर्धंच सांगितलंत. स्थापनेपासून ऐंशीएक वर्षं त्या सगळ्या इस्टेटीवर संस्थापकाच्या सिया घराण्याचा ताबा होता. हिशेब मागायची सोय नव्हती. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिओच्यू व्यापारी लिम नी सून आणि इतरांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे १९३३ मध्ये कायदा होऊन कारभार मार्गी लागला.

आणि 'आधार' हा शब्द जरा जपून वापरा. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सहा कंपन्यांनी (व्यापारी नव्हेत, जिल्ह्याजिल्ह्यांची मंडळं) आगबोट कंपन्यांशी संधान बांधलं होतं. मायदेशी जायचं असेल तर मंडळाचा दाखला हवा, आणि देणी चुकती केल्याशिवाय दाखला नाही. दाखला नाही तर तिकीट नाही. धनको बहुतेकदा व्यापारी, आणि मंडळाचे पुढारीही व्यापारीच. दहा वर्षं खाणीत राबलेल्या माणसाला धक्क्यावर अडवणारा गावबंधू. ह्याला सावकारी म्हणतात.

तिखटमीठ

+१. वर गावच्या देवाची शपथ.

ओसरीवरून

शंकासुर, दाखल्याचं बरोबर आहे. पण याच सहा कंपन्या कोर्टात कोणासाठी उभ्या राहिल्या तेही लिहा की. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी केली. १८९२ च्या गिअरी कायद्याने तिथे आधीच असलेल्या मजुरांवर सक्ती केली की नोंदणी करा, दाखला जवळ बाळगा, नाहीतर हद्दपारी. मंडळाने फर्मान काढलं: कोणीही नोंदणी करायची नाही. माणशी एक डॉलर गोळा केला, नामांकित वकील लावले. आणि लोकांनी खरोखरच नोंदणी केली नाही! मुदत संपली तेव्हा बहुसंख्य चिनी मजूर बेकायदा ठरले होते. परक्या देशातली केवढी मोठी असहकाराची चळवळ ही, गांधीजी दक्षिण आफ्रिकेत पोचायच्या आधी सुरू झालेली.

मे १८९३ मध्ये सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध तीन असा निकाल लागून ते हरले. मंडळाची पत पार घसरली, कारण ज्यांनी त्याचं ऐकलं ते अडचणीत आले. मुदतवाढ मिळाल्यावर लोकांनी मुकाट्याने दाखले काढले. पण दुसरं कोण लढणार होतं? या लोकांना नागरिकत्व मिळत नव्हतं, म्हणजे मत नाही. आमदार-खासदार कशाला ऐकणार? पुढे १८९८ मध्ये वाँग किम आर्कच्या खटल्यात अमेरिकेत जन्मलेला तो अमेरिकन हे ठरलं, त्याच्या पाठीशीही हीच मंडळी होती.

गावकूस

ओसरीवरून, इतिहास उत्तम, पण माझाच मुद्दा पक्का होतोय. मत नव्हतं म्हणून मंडळ लागलं. आज मत आहे.

माझगावकर

मत असून भागत नाही, आणि त्याचा दाखला आपल्याच देशात आहे. मुंबईत डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ सी यप कून नावाचं चिनी देऊळ आहे, १९१९ चं. दक्षिण चीनमधल्या ग्वांगतोंग प्रांताच्या ज्या चार जिल्ह्यांवरून हे नाव आलं, तिथल्याच लोकांचं मंडळ सॅन फ्रान्सिस्कोत १८५१ पासून होतं. बोटीवरचे खलाशी इथे उतरायचे. १९६२ च्या युद्धानंतर सुमारे ३००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं. बहुतेक आसाम-बंगालकडचे, कित्येक इथेच जन्मलेले. नावं कुठल्या मंडळाच्या यादीतून काढायची गरजच पडली नाही, चेहरा पुरला. सुटल्यावर अनेकांनी देशच सोडला. तेव्हा "मंडळ म्हणजे बीजिंगची यादी" हे वाक्य लिहिताना दहादा विचार करा. न्यू यॉर्कच्या दोघांवर खटला भरा, जरूर भरा. पण त्या मंडळात पत्ते खेळायला येणाऱ्या म्हाताऱ्याने काय केलंय?

गावकूस

म्हाताऱ्याबद्दल मी बोललोच नाही. माझा रोख पदाधिकाऱ्यांवर आहे. सभासदांना न विचारता ते मंडळाच्या नावाने पत्रकं काढतात, तैवानवर ठराव करतात. सिंगापूरने २०२१ मध्ये परकीय हस्तक्षेपाविरुद्ध कायदा केला, आणि तिथे तर तीन-चतुर्थांश लोक चिनी वंशाचे. तेही बीजिंगद्वेष्टे झाले का?

मुक्काम_सिंगापूर

कायदा योग्यच आहे. पण इथल्या सरकारचा मंडळांवरचा संशय त्याहून जुना आहे. १९५० च्या दशकात होक्किएन हुए कुआन या होक्किएन बोलीवाल्यांच्या मंडळाने ५०० एकरांहून जास्त जमीन दिली आणि चिनी भाषेत शिकवणारं नानयांग विद्यापीठ उभं राहिलं. सायकलरिक्षावाल्यांनी दिवसाची कमाई दिली. मंडळाचे अध्यक्ष तान लार्क साय यांच्यावर पुढे डाव्यांना मदत केल्याचा ठपका आला आणि त्यांचं नागरिकत्व गेलं. १९८० मध्ये विद्यापीठ दुसऱ्यात विलीन केलं. विद्यापीठ उभारणारे लोक बीजिंगचे हस्तक होते की आपल्या भाषेत शिकू पाहणारे? इथले वयस्क लोक यावर अजून भांडतात.

शंकासुर

भांडू देत. मला एवढंच सांगा, त्या होक्किएन मंडळाच्या कार्यकारिणीवर तेव्हा रिक्षावाले किती होते?